सन्माननीय सदस्यहो, कायद्याला बाईची सही पुरते

प्रति,
महाराष्ट्र विधानसभेचे व विधान परिषदेचे सर्व सदस्य, तसेच महाराष्ट्रातून संसदेत गेलेले सर्व खासदार यांस,

सन्माननीय सदस्यहो,

गर्भपातासाठी दवाखान्यात आलेल्या बाईला आजही पहिला प्रश्न विचारतात तो "नवरा कुठंय?" हा. दुसरा, "सासूला माहीत आहे का?" मग शेवटची पाळी कधी आली, आधीची बाळंतपणं किती, वगैरे. नवऱ्याच्या सहीची अट १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात (एमटीपी) नव्हती, २०२१च्या दुरुस्तीतही नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या आणि मानसिक आजार नसलेल्या बाईची फॉर्म सी या संमतिपत्रावरची स्वतःची सही किंवा अंगठा, एवढंच कायद्याला लागतं. मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून माझी नोकरी झाली. हे वाक्य मी कितीतरी तरुण डॉक्टरांना ऐकवलं आहे. उत्तर ठरलेलं असायचं: "बरोबर आहे मॅडम, पण उद्या काही झालं तर?"

हे "उद्या काही झालं तर" कुठून येतं, ते सांगायला हे पत्र. तुम्ही म्हणाल, हा डॉक्टरांचा भित्रेपणा. थोडा आहेच, आणि काहींच्या बाबतीत तो भित्रेपणा नसून उद्धटपणा आहे, तेही मी पाहिलंय. पण भीतीचं मूळ सभागृहांत आहे. तुम्ही केलेल्या कायद्यात आहे आणि त्याहून जास्त, या विषयावर तुम्ही ज्या सुरात बोलता त्या सुरात आहे.

बहुतेक लोकांना, आणि माझा अंदाज आहे की तुमच्यातल्याही बऱ्याच जणांना, वाटतं की भारतात गर्भपात हा बाईचा कायदेशीर हक्क आहे. तसं नाही. भारतात गर्भपात हा गुन्हा आहे आणि एमटीपी कायदा हा त्या गुन्ह्यातून डॉक्टरला दिलेली सूट आहे. मूळ कलम १८६० सालच्या भारतीय दंड संहितेतलं, ३१२ क्रमांकाचं. गर्भपात घडवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पोटातलं मूल हालचाल करू लागलं असेल तर सात वर्षांपर्यंत. आणि खाली एक स्पष्टीकरण: जी बाई स्वतःच स्वतःचा गर्भपात घडवून आणते, तीसुद्धा या कलमाखाली येते.

डिसेंबर २०२३मध्ये संसदेने ही संहिता मोडीत काढली आणि भारतीय न्याय संहिता आणली. गुलामगिरीच्या खुणा पुसतो आहोत, असं तेव्हा सांगितलं गेलं. मी मुद्दाम नवा मजकूर काढून वाचला. ३१२चं ८८ झालंय. बाकी तेच, ते स्पष्टीकरणसुद्धा. १ जुलै २०२४ पासून लागू. राणीच्या काळात बाईवर लावलेलं कलम आपण नंबर बदलून पुन्हा लावलं, आणि या एका कलमावरून कुणी सभागृह डोक्यावर घेतलं नाही. ना सत्ताधाऱ्यांनी, ना विरोधकांनी.

दरवर्षी ११ एप्रिलला तुम्ही सगळे जोतिरावांच्या पुतळ्याला हार घालता म्हणून एक आठवण करून देते. इंग्रज सरकार ही दंड संहिता अमलात आणत होतं, त्याच सुमारास, १८६३मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडचणीत सापडलेल्या विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. तू कोण, कुणाकडून राहिलं, हे विचारायचं नाही. सरकार शिक्षा लिहीत होतं, तेव्हा या दोघांनी खाट मांडली.

आता डॉक्टरला मिळालेल्या सुटीबद्दल. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पण ते मत काय असावं लागतं? गर्भ वाढू दिला तर बाईच्या जिवाला धोका आहे, किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल, किंवा बाळात गंभीर व्यंग असण्याची मोठी शक्यता आहे. "मला आत्ता मूल नको" हे कारण यादीत नाही. मग आम्ही काय करतो? कायद्यात एक फट आहे: गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याने गर्भ राहिला असेल, तर मानसिक इजा होते असं गृहीत धरता येतं. त्यामुळे देशभरातल्या ओपीडींत लाखो बायकांच्या कागदावर "साधन फेल" असं लिहिलं जातं. ज्या बाईच्या घरात निरोधचं पाकीट आयुष्यात कधी आलं नाही, तिच्याही कागदावर. तिला कळत नाही आपण काय लिहून दिलं. डॉक्टरला कळतं की आपण खोटं लिहिलंय, आणि म्हणूनच तो नवऱ्याची सही मागतो. खोट्याला साक्षीदार लागतो.

हे खोटं बंद करायची संधी एकदा आली होती. २०१४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच दुरुस्तीचा मसुदा जाहीर केला. पहिल्या बारा आठवड्यांत बाईच्या नुसत्या मागणीवरून गर्भपात, ही तरतूद त्यात होती. प्रशिक्षित परिचारिका आणि आयुष डॉक्टरांना परवानगी द्यायचाही प्रस्ताव होता. त्यावर आमच्याच डॉक्टर संघटनेने काहूर माजवलं (आमच्या बिरादरीबद्दल मला फार बोलायला लावू नका). तो मसुदा संसदेपर्यंत पोचलाच नाही. २०२०मध्ये जे विधेयक आलं त्यात बारा आठवड्यांचं कलम गायब होतं. लोकसभेने मार्च २०२०मध्ये ते आवाजी मतदानाने मंजूर केलं, राज्यसभेने मार्च २०२१मध्ये, तेही आवाजी मतदानाने. ते प्रवर समितीकडे पाठवा, बायकांशी, डॉक्टरांशी, संस्थांशी बोला, अशी मागणी राज्यसभेत झाली होती. ती फेटाळली गेली.

त्या दुरुस्तीत चांगलं काहीच नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" या शब्दांच्या जागी "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" आलं. बाईचं नाव फोडणाऱ्याला शिक्षा आली. वीसची मर्यादा काहींसाठी चोवीस झाली. पण कुणासाठी, ते पाहा. बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या, आणि गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या. म्हणजे ज्यांची कुणालाही दया येईल अशा बायका निवडून काढल्या. नवरा नुसता सोडून गेला, कागदोपत्री घटस्फोट नाही, तर? लग्नच झालेलं नाही, तर? अखेर २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अविवाहित स्त्रीला यातून वगळता येणार नाही, आणि या कायद्यापुरता तरी बलात्कार या शब्दात नवऱ्याने केलेला बलात्कारही धरावा. तुमच्या सभागृहांनी जे लिहायचं टाळलं ते न्यायालयाने लिहिलं.

आणि चोवीस आठवड्यांनंतर? तिथे वैद्यकीय मंडळ, तेही फक्त गर्भात मोठं व्यंग असेल तर. व्यंग असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही. बलात्कार झालेली मुलगी असेल तर मात्र कोर्टाची पायरी. या क्रमातून कायद्याला कशाची घाई आहे ते दिसतं. अपंग व्यक्तींच्या संघटनांना हा क्रम झोंबतो, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

२००८मध्ये मुंबईतलं एक दांपत्य आपल्या डॉक्टरसह उच्च न्यायालयात गेलं होतं. बाळाच्या हृदयात गंभीर दोष आहे हे वीस आठवड्यांनंतर कळलं. न्यायालयाने परवानगी नाकारली. कायदा बदलणं आमचं काम नाही, ते संसदेचं, असा अर्थ. संसदेने ते काम करायला तेरा वर्षं घेतली. एप्रिल २०२४मध्ये महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीचं प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. वैद्यकीय मंडळाने आधी एक मत दिलं, मग गर्भात व्यंग नाही म्हणून ते फिरवलं. उच्च न्यायालयाने नाही म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा तिसावा आठवडा येऊन ठेपला होता, आणि आठवडाभरात आईवडिलांनी विचार बदलल्यावर तो आदेश मागे घेतला गेला. न्यायालयाने तेव्हा म्हटलं की मंडळाने त्या मुलीच्या शरीर-मनावर काय परिणाम होईल ते सांगायला हवं होतं, आणि डॉक्टरांना खटल्याची धास्ती असते हीच मोठी आडकाठी आहे. म्हणजे तेच, "उद्या काही झालं तर".

आता आपल्या राज्याकडे येते, कारण इथली भीती वेगळी आणि जास्त चिवट आहे. लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८मध्ये. त्याचा मला अभिमान आहे. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१मध्ये ९४६ होत्या, २००१मध्ये ९१३, २०११मध्ये ८९४. बीडमध्ये ८०७. मग २०१२मध्ये परळीचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण आलं, २०१७मध्ये म्हैसाळचं. म्हैसाळला एक बाई होमिओपॅथी डॉक्टरच्या हातून जिवानिशी गेली आणि ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले. राज्य हादरलं, ते योग्यच झालं. पण हादरल्यानंतर जी यंत्रणा हलली ती लिंगनिदान करणाऱ्या यंत्रामागे जेवढी लागली, तेवढीच गर्भपात करणाऱ्या प्रत्येकामागे लागली. तपासणी पथकाला दोन कायद्यांतला फरक माहीत नसतो. एमटीपीचं रजिस्टर म्हणजे गुन्ह्याची यादी, असंच त्यांच्या चेहऱ्यावर असतं. खासगीतल्या कितीतरी चांगल्या डॉक्टरांनी "नको ती कटकट" म्हणून हे काम सोडलं. उरले कोण, ते म्हैसाळने दाखवलंच होतं.

सर्वांत अजब प्रकार गोळ्यांचा. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, २००२ पासून देशात मान्य, आज नऊ आठवड्यांपर्यंत देता येतात. परळीनंतर राज्यात औषध दुकानांवर अशी मोहीम निघाली की दुकानदारांनी त्या ठेवणंच बंद केलं. कारण काय, तर मुलींचे गर्भ पाडले जातात. अहो, नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी कळतच नाही! कळतं ते बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर. आता रक्ताच्या तपासणीतून दहाव्या आठवड्याच्या आसपास कळू शकतं, हे मला ठाऊक आहे. तोवर गोळ्यांची मुदत बहुधा संपलेली असते. लिंगनिदान थांबवायचं म्हणून आपण नेमका तो मार्ग बंद केला ज्यात लिंगनिदान सहसा होतच नाही. त्यामुळे जिचं काम सहाव्या आठवड्यात गोळीने झालं असतं ती चौदाव्या आठवड्यात आमच्याकडे येते, आणि मग तिच्याकडे सगळे संशयाने बघतात, कारण चौदावा आठवडा!

ही भीती फक्त डॉक्टरांची नाही. दोन मुली असलेली बाई तिसऱ्या वेळी गर्भपाताला आली की आशाताईपासून अधीक्षकापर्यंत सगळे सावध. तिला खरंच तिसरं नको असेल, ही शक्यताच कुणाच्या मनात येत नाही. लिंगनिदानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाऊन सरकारांना हलवणाऱ्या संस्था होत्या मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम. या कामात पहिल्यापासून असलेल्या याच लोकांनी सांगितलंय की लिंगनिवड रोखा, पण त्यासाठी सुरक्षित गर्भपात रोखू नका. त्यांचं कुणी ऐकायचं, तर तुम्हीच.

लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की २०१५ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांतले दवाखान्यात झाले २२ टक्के. बाकीच्या बहुतेक बायकांनी गोळ्या घेतल्या, बाहेरून मिळवून. कायद्याच्या नजरेत यातल्या किती बायका ८८व्या कलमाच्या स्पष्टीकरणात बसतील? कुणी त्यांना पकडायला जात नाही, हे खरं. पण रक्त थांबत नाही म्हणून रात्री दवाखान्यात आलेली बाई "काही घेतलं नाही, आपोआपच झालं" असं का सांगते, ते विचारून बघा. आणि गोळी घेतली हे लपवल्यामुळे उपचाराला किती उशीर होतो, तेही.

ऊसतोड मजुरांच्या मतदारसंघातले सदस्य हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द जास्तीचे. दिवाळीच्या आसपास कोयता (ऊस तोडणारं जोडपं) निघतो, मार्च-एप्रिलला परत येतो. बाईला दिवस गेल्याचं कळतं ते फडावर, कोपीत. जवळचा दवाखाना परक्या जिल्ह्यात, कधी कर्नाटकात. एक खाडा म्हणजे मुकादमाचा दंड. तिथे गेलीच तर आधार कार्ड, नवरा, सोनोग्राफी दुसऱ्या गावात, "सोमवारी या". उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) फिटल्यावर गावी येईपर्यंत वीस आठवडे उलटून गेलेले असतात. या बाईला २०२१च्या दुरुस्तीने काही दिलं नाही. ती विधवा नाही, घटस्फोटित नाही, आपत्तीत नाही. ऊस तोडणं आपत्तीत धरत नाहीत.

अल्पवयीन मुलींबद्दलही बोलायला हवं, पण थोडक्यात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाने डॉक्टरवर पोलिसांना कळवायची सक्ती आहे. सतरा वर्षांची मुलगी, तिच्याच गल्लीतला मुलगा, दोघांची राजीखुशी. आई पदराने तोंड झाकून विचारते, "पोलीस येतील का?" येतील म्हटलं की ती उठते. कुठे जाते ते आम्हाला माहीत असतं. २०२२च्या त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं की मुलीने व पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिचं नाव कळवायची गरज नाही. हे प्रत्येक ठाण्यात आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मराठीत लिहून पोचवायला कायदा बदलावा लागत नाही. परिपत्रक पुरतं.

तुम्ही खासगीत काय म्हणता तेही मी ऐकलं आहे: डॉक्टरबाई, तुमचं पटतं, पण हा विषय काढला तर लोक काय म्हणतील. म्हणून बेळगावच्या एका मुलीची गोष्ट सांगते. सविता हलप्पनवार, दंतवैद्य, आयर्लंडमधल्या गॉल्वेला राहत होत्या. ऑक्टोबर २०१२मध्ये, सतरा आठवड्यांच्या असताना, त्यांचा गर्भ पडू लागला. वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, पण बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात करायला नकार दिला. संसर्ग रक्तात पसरून त्या गेल्या. तो देश कॅथलिक, गर्भाचा जीव आईच्या जिवाइतकाच असं राज्यघटनेत लिहिलेलं. तिथल्या पुढाऱ्यांना मतं नको होती का? पण त्यांनी नव्व्याण्णव सामान्य नागरिक निवडले, त्यांना महिनोन्महिने डॉक्टरांचं, वकिलांचं, बायकांचं म्हणणं ऐकवलं. मग संसदेच्या संयुक्त समितीने पुन्हा सगळं ऐकलं. जानेवारी २०१८मध्ये विरोधी पक्षनेते मायकल मार्टिन, जे आयुष्यभर गर्भपाताच्या विरोधात होते, भर सभागृहात उभे राहून म्हणाले की माझं मत बदललं आहे. २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ते कलम रद्द केलं. आज तिथे पहिल्या बारा आठवड्यांत कारण द्यावं लागत नाही. (तीन दिवस थांबायची सक्ती आहे, ती मला पटत नाही.) मार्टिन यांचं राजकारण संपलं नाही, दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले.

आपल्या सभागृहाचाही जुना इतिहास आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा अशासकीय ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण पी. जे. रोहम यांनी मांडलं. ठराव पडला. विषय गर्भपाताचा नव्हता, पण बाळंतपणं बाईच्या शरीरावर लादली जाऊ नयेत हेच म्हणणं होतं. पुढे १९६४मध्ये केंद्राने गर्भपाताचा प्रश्न तपासायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. १९७१चा कायदा त्यांच्या अहवालातून आला. पडलेल्या ठरावापासून शाह समितीपर्यंत मध्ये फक्त पंचवीस-सव्वीस वर्षं. शाह समितीला मात्र साठ वर्षं होऊन गेली.

खासदारांकडे माझी मागणी एका अशासकीय विधेयकाची आहे. मजकूर नव्याने लिहायलाही नको. २०१४च्या मसुद्यातलं बारा आठवड्यांचं कलम उचला आणि ८८व्या कलमाखालचं बाईला गुन्हेगार ठरवणारं स्पष्टीकरण काढून टाका. आमदारांनी संसदेला शिफारस करणारा ठराव आणावा, पडला तरी चालेल. पण त्याच्याही आधी, येत्या अधिवेशनात सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना हा तारांकित प्रश्न विचारा. मीच लिहून देते:

"(१) राज्यातील किती ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत आज प्रत्यक्षात गर्भपाताची सेवा मिळते, आणि किती ठिकाणी ती फक्त कागदावर आहे, हे तालुकानिहाय सांगावे, (२) पतीच्या सहीची मागणी करणाऱ्या रुग्णालयांवर शासनाने आजवर कोणती कारवाई केली, (३) गर्भपाताच्या गोळ्या नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवर राज्यातील किती औषध दुकानांत उपलब्ध आहेत, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय?"

आपली,
मराठवाड्यातील एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ